विचक्षणेच्या तोंडी कोण लागणार? – ‘कर्पूरमंजरी’च्या वऱ्हाडी रूपाची प्रस्तावना

राजा चंडपाल आणि राणी विभ्रमलेखा वसंत ऋतूचं वर्णन करत बसले आहेत. भाट पडद्याआडून गात आहेत, वाऱ्याला चंदनाचा वास आहे, सगळं रीतसर चाललं आहे. तेवढ्यात राजाचा मित्र, विदूषक कपिंजल, मध्येच तोंड घालतो. या सगळ्यांत चार अक्षरं येणारा काय तो मी एकटा, असं त्याचं म्हणणं. पुरावा काय, तर त्याच्या सासऱ्याचा सासरा एका पंडिताच्या घरी पोथ्या वाहत असे. राणीची दासी विचक्षणा तिथेच उभी आहे. ती हसते आणि म्हणते, म्हणजे विद्या तुमच्याकडे वंशपरंपरेनंच आली की! इथून पुढे वसंत राहतो बाजूला आणि भांडण सुरू होतं.

हे नाटक ‘कर्पूरमंजरी’. राजशेखर कवीनं ते इ. स. ९००च्या आसपास लिहिलं. संपूर्ण प्राकृतात आहे. राजा असो की दासी, ब्राह्मण असो की भाट, संस्कृत कोणीच बोलत नाही. संस्कृत नाटकांत राजा, मंत्री, ब्राह्मण संस्कृत बोलतात आणि बहुतेक बायका, नोकरचाकर, विदूषक प्राकृत बोलतात, हा शिरस्ता. राजशेखरानं तो मोडून सगळ्यांना एका पातळीवर आणलं. या प्रकाराला सट्टक म्हणतात. त्यात अंकांना अंक न म्हणता जवनिकांतर म्हणतात आणि अशी चार जवनिकांतरं या नाटकात आहेत. पुढच्या पानांत मी सरळ ‘अंक’च म्हटलं आहे.

पुढच्या पानांत हे नाटक मराठीत आहे, आणि विचक्षणा, कपिंजल, भैरवानंद व इतर दासी वऱ्हाडीत बोलतात. असं का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. ती लांबली आहे, कारण अमरावती-अकोल्याच्या वाचकाला हे नाटक आपलं आहे हे अजून कोणी नीट सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

नाटकाची नायिका वाशीमची आहे. पहिल्या अंकात भैरवानंद नावाचा कौल पंथाचा गुरू सभेत येतो. चंद्र खाली आणतो, सूर्याचा रथ थांबवतो, सांगा काय करू, अशी त्याची भाषा. विदूषक सांगतो, दक्षिणापथात वच्छोम नावाचं नगर आहे, तिथे मी एक कन्यारत्न पाहिलं आहे, ते आणा. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होतं. भैरवानंदानं ध्यान लावताच कुंतलच्या वल्लभराजाची मुलगी कर्पूरमंजरी नुकती न्हालेली, ओल्या वस्त्रांनिशी कनोजच्या कवीनं रचलेल्या राजसभेत अवतरते.

त्या काळी वऱ्हाड मान्यखेटच्या राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होतं आणि ‘वल्लभ’ हे त्या राजांचं बिरुद होतं. राजशेखर हा कनोजच्या गुर्जर-प्रतिहार राजाचा, महेंद्रपालाचा गुरू. दोन्ही घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. नाटकानंतर थोड्याच वर्षांत राष्ट्रकूट इंद्र तिसरा याची फौज थेट कनोजवर चालून गेली. अशा काळात कनोजच्या कवीनं नायिका मात्र शत्रूच्या मुलखातून आणली. त्याला कारण आहे. राजशेखराचं घराणं मूळचं इकडचंच. त्याचा पणजोबा अकालजलद, आणि त्याला राजशेखर ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. वत्सगुल्म त्याच्या मनात घर करून होतं. ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात त्यानं एक गोष्ट सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वश करण्यासाठी पार्वती साहित्यविद्यावधू नावाची मुलगी निर्माण करते. ती त्याच्या मागे पूर्वेला जाते, पांचालात जाते, अवंतीत जाते, दक्षिणेत जाते. प्रत्येक ठिकाणी ती जसा वेश करते, जशी नाचते, बोलते, तशी त्या प्रांताची रीत ठरते. काव्यपुरुष पुरता वश होतो तो दक्षिणेत, आणि त्यांचं गांधर्व पद्धतीनं लग्न लागतं विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत. तीच मदनाची क्रीडाभूमी, असं राजशेखर लिहितो. काव्य आणि साहित्यविद्या यांचं लग्न ज्या गावात लागलं, ते गाव आपल्यापासून एस.टी.नं दोन-तीन तासांवर आहे.

ही केवळ कवीची लहर नव्हती. चौथ्या शतकात वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्माहून राज्य करू लागली. तिचा पहिला राजा सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. सत्यभामेचा रुसवा आणि पारिजातकाचं हरण यांवरचं त्याचं ‘हरिविजय’ हे काव्य आज हरवलं आहे. पण आनंदवर्धन, कुंतक, भोज यांच्यासारखे साहित्यशास्त्रज्ञ शेकडो वर्षं त्याचे दाखले देत राहिले. त्याचा मुलगा विंध्यशक्ती याचे ताम्रपट वाशीमला सापडले. त्यांत वंशावळ संस्कृतात आणि जमीन देण्याचा खरा व्यवहार प्राकृतात आहे. पुढे याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. वऱ्हाडात लोकभाषेला दरबारात मान होता आणि तो नाटकाच्या पाचशे वर्षं आधीपासून होता. नाटकानंतर ९८८ साली चितोडचा एक जैन कवी, तोही हरिषेण नावाचाच, अचलपूरला आला आणि पुराणकथांची टर उडवणारी ‘धम्मपरिक्खा’ त्यानं अपभ्रंशात लिहिली. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा लोकांच्या बोलीत लिहून ठेवल्या. त्याच ऋद्धिपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे.

इतका इतिहास पुरे. नाटकाकडे वळू, कारण नाटक चावट आहे आणि चावटपणाबद्दल आधीच स्पष्ट बोललेलं बरं.

चावटपणा दोन ठिकाणांहून येतो. एक राजाच्या नजरेतून. कर्पूरमंजरी सभेत येते तिथपासून राजा तिच्या अंगाचं वर्णन सुरू करतो ते नाटक संपेपर्यंत थांबत नाही. हा भाग त्या काळच्या दरबारी कवितेत ठरून गेलेला आहे. त्यात मला फारसा रस नाही, आणि आजच्या वाचकाला तो खटकणार हेही मला ठाऊक आहे. एका मुलीला तिच्या घरातून, न्हाणीघरातून, न विचारता उचलून आणलं आहे आणि सगळी सभा तिला न्याहाळते आहे. राणीला कळतं की ही आपल्या मावशीची, शशिप्रभेची मुलगी. ती तिला पंधरा दिवस ठेवून घेते, कपडे देते, जवळ बसवते. त्या प्रसंगात माणुसकी असेल तर ती राणीच्या वागण्यात आहे. प्रयोग करणाऱ्यांना माझं सांगणं असं, की तिथे प्रकाश राजावर नको, राणीवर ठेवा.

दुसरा चावटपणा खालून येतो. दासीकडून, विदूषकाकडून, झिंगलेल्या गुरूकडून. हे नाटक मी मराठीत आणलं ते या दुसऱ्या चावटपणासाठी. विचक्षणा आणि कपिंजल यांचं भांडण पुढे कसं जातं ते पाहा. दोघांत कवितेची स्पर्धा लागते. कपिंजल आपली कविता म्हणतो. त्यात वसंतातल्या फुलांसाठी त्याला सुचतात ते भाताचे दाणे आणि म्हशीचं घट्ट दही. ब्राह्मणाच्या मनात जेवण आहे, दुसरं काही नाही. मग विचक्षणा म्हणते. तिच्या कवितेत दक्षिणेचा वारा लंकेच्या डोंगरावरून निघतो, रतिश्रमानं थकलेल्या नागिणी तो पिऊन टाकतात म्हणून तो क्षीण होतो, आणि विरहिणींच्या उसाशांनी पुन्हा भरून येतो. राजा म्हणतो, नाव विचक्षणा आणि बुद्धीही तशीच. राणी हसते. इथे कपिंजलाचा पारा चढतो. सरळ सांगा ना, की कवितेत ही दासी सगळ्यांत वर आणि कपिंजल ब्राह्मण सगळ्यांत खाली!

विचक्षणा त्याला समजावते आणि समजावता समजावता आणखी टोचते. विषय हलका आणि शब्द भारी, असं तुमचं काव्य, असं सांगून ती एकामागून एक उपमा देते: ओघळलेल्या छातीवरचा हार, ढेरपोट्या बाईची चोळी, एकडोळीच्या डोळ्यातलं काजळ. (आज या उपमा खटकतात. त्या मी गाळल्या नाहीत. गाळल्या असत्या तर दासीच्या तोंडाला साबण लावल्यासारखं झालं असतं.) कपिंजलही गप्प बसत नाही. तुझा विषय चांगला, पण शब्द कसे, तर सोन्याच्या कंबरपट्ट्याला लोखंडी घुंगरं. मग ती म्हणते, तुमच्याशी माझी बरोबरी कशी व्हावी. तुम्ही निरक्षर असूनही रत्नं तोलण्याच्या तराजूसारखे, आणि मला अक्षरं येतात तरी मी पडले कापूस तोलण्याचा काटा, माझ्यावर सोनं कोण तोलणार.

या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच थांबलो. हसत हसत ती दासी आपल्या जन्माचं गणित मांडते आहे. गुण कोणाकडे आहेत आणि मोल कोणाला मिळतं, हे एका तराजूच्या दाखल्यात तिनं भर सभेत सांगून टाकलं. अकोल्याच्या कापूस बाजारात काट्यावर वजनाचा घोळ सहन केलेल्या शेतकऱ्याला हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही.

मग धमक्या सुरू होतात आणि त्याही पंडिती. कपिंजल म्हणतो, युधिष्ठिराच्या थोरल्या भावाचं नाव ज्या अवयवाला आहे तो तुझा उपटून टाकीन. म्हणजे कर्ण, कान. विचक्षणा लगेच म्हणते, उत्तरा फाल्गुनीनंतर जे नक्षत्र येतं त्या नावाचा तुमचा अवयव मी मोडून ठेवीन. म्हणजे हस्त, हात. दासीला पंचांग पाठ आहे! कपिंजल तिला दासीची लेक म्हणून शिव्या घालतो आणि रागानं निघून जातो. ज्या राजवाड्यात दासी ब्राह्मणाशी बरोबरीनं भांडते, तिथे दारू आणि पंचगव्य एकाच भांड्यात ठेवतात, काच आणि माणिक एकाच दागिन्यात जडवतात, असं त्याचं म्हणणं. त्यापेक्षा घरी जाऊन बायकोचे पाय चेपलेले बरे. सभा हसते आहे. ती दासीला हसत नाही, निघून जाणाऱ्या माणसाला हसते. जातीचा ताठा बोलायला लावायचा आणि तोंडातून बाहेर पडता पडताच त्याची फजिती करायची, हे राजशेखराचं कसब.

हे त्याच्याकडून सहज घडून गेलं असावं, असं म्हणायला मी तयार नाही. ‘काव्यमीमांसे’त त्यानं लिहिलं आहे की पुरुषांसारख्या बायकाही कवी होऊ शकतात, कारण प्रतिभा आत्म्याची असते, ती बाई-पुरुष पाहत नाही. त्याच ग्रंथात तो आपल्या बायकोची, चाहमान घराण्यातल्या अवंतिसुंदरीची मतं तिच्या नावानं नोंदवतो; आणि ‘कर्पूरमंजरी’चा प्रयोग झाला तो तिच्याच इच्छेवरून, असं नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधार सांगतो. जल्हणानं १२५८ साली देवगिरीच्या यादवांच्या दरबारी ‘सूक्तिमुक्तावली’ संकलित केली. तिच्यातले राजशेखराच्या नावावरचे दोन श्लोक पाहा. एकात मातंग दिवाकर हा हर्षाच्या सभेत बाण आणि मयूर यांच्या बरोबरीनं बसला याचं कौतुक आहे. दुसऱ्यात द्रोण नावाच्या कुंभाराचं, ज्यानं महाभारतावर काव्य रचून व्यासांशी स्पर्धा केली. सरस्वतीनं ज्यांना पवित्र केलं त्यांची जात विचारायची नसते, असा त्या श्लोकाचा आशय. हे लिहिणारा माणूस राजाचा गुरू होता, स्वतःला कविराज म्हणवत होता, कुळाचा अभिमान बाळगणारा होता. तरी त्याला कुंभार कवी दिसला, मातंग कवी दिसला, आणि नाटकात त्यानं दासीला कवितेत जिंकवलं.

युरोपातही मध्ययुगात असा एक खालच्या पायरीवरचा हजरजबाबी होता. मार्कोल्फ नावाचा बेढब, ओबडधोबड शेतकरी सॉलोमन राजाच्या दरबारात येतो. राजा एकेक सुवचन उच्चारतो आणि मार्कोल्फ प्रत्येकाला शेणामातीच्या, पोटाच्या आणि ढुंगणाच्या भाषेत उत्तर देतो. लॅटिनमधला हा संवाद पंधराव्या शतकात छापूनही निघाला. पण मार्कोल्फ बाहेरून आलेला आहे, राजाला चिडवून तो निघून जाऊ शकतो. विचक्षणेला कुठेही जायचं नाही. तिला रात्री त्याच राणीचं अंथरूण घालायचं आहे. म्हणून तिचं बोलणं मला जास्त धाडसाचं वाटतं.

वऱ्हाडच्या वाचकाला मार्कोल्फपर्यंत जायची गरजही नाही. खडी गंमत ज्यानं पाहिली आहे, त्याला हे भांडण ओळखीचं वाटेल. ढोलकीची थाप, तुणतुण्याचा एकसुरी नाद, लुगडं नेसलेला नाच्या आणि त्याच्यासमोर पाय फाकवून उभा सोंगाड्या. गण होतो, गौळण होते, मग हे दोघे एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. समोर पहिल्या रांगेत पाटील, सरपंच बसलेले असतात आणि मधूनच एखादा टोला त्यांच्याकडे जातो. त्यांनाही हसावं लागतं, कारण सगळं गाव हसत असतं. वगनाट्यात राजा, प्रधान आणि शिपाई आले की हसू कायम शिपायाचं. १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलं आणि दादा कोंडक्यांनी शहरातल्या प्रेक्षकालाही ते हसायला लावलं. ‘कर्पूरमंजरी’ आणि गंमत यांच्यात सरळ वंशावळ आहे असा माझा दावा नाही. तसा पुरावा नाही. पण वरच्याला बोलता न येणारी गोष्ट खालच्यानं चावटपणाच्या आडून बोलून घ्यायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून वऱ्हाडी. नाटकाच्या सुरुवातीलाच राजशेखर सांगतो की संस्कृत रचना कठोर असते आणि प्राकृत मऊ. आणि काव्य बोलण्याच्या खुबीत असतं, भाषा कोणतीही असो. हा त्याचा शब्द मी मनावर घेतला. प्रमाण मराठीत विचक्षणा बोलायला लागली की ती वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलीसारखी वाटायची. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘पाह्यतो’ आले आणि तिचा कमरेवरचा हात दिसू लागला. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. त्यांनी याच बोलीत कीर्तन केलं, लोकांना प्रश्न विचारले, लोकांकडून उत्तरं वदवून घेतली. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी याच बोलीत कविता लिहिली. तरी आजही रंगमंचावर कोणी वऱ्हाडी बोललं की ते पात्र विनोदीच असणार, असं प्रेक्षक गृहीत धरतो. त्या समजुतीला या नाटकात थोडा धक्का बसावा अशी माझी इच्छा आहे. इथे वऱ्हाडी बोलणारी दासी राजापेक्षा चांगली कवयित्री आहे, आणि प्रमाण मराठी बोलणारा राजा नाटकभर उसासे टाकतो.

संबोधनांबाबत एक निर्णय सांगतो. कपिंजल विचक्षणेला ‘काहून वो’ म्हणतो, तू-तुझं करतो. विचक्षणा त्याला शेवटपर्यंत ‘म्हाराज’ आणि ‘तुमी’च म्हणते. हात मोडायची धमकी देतानासुद्धा. तालमीत कोणी नटी रागाच्या भरात ‘तू’वर घसरली तर तिला थांबवावं. घराघरांत, वाड्यावाड्यांत राबणाऱ्या बायका मालकाला याच आदरार्थी बहुवचनात सुनावत आल्या आहेत आणि ते मालकाला जास्त झोंबतं.

भैरवानंदाचं गाणंही ठेवलं आहे. मंत्र नको, तंत्र नको, ध्यान नको. दारू प्यावी, मांस खावं, बाईशी रमावं आणि मोक्षाला जावं, असा कौलधर्म कोणाला आवडणार नाही, असं तो भर सभेत गातो. कौल पंथाचं तत्त्वज्ञान याहून खूप गंभीर आहे हे उघड आहे. राजशेखर थट्टा करतो ती भोंदूपणाची, मोक्षाच्या नावाखाली चैन करणाऱ्याची. वऱ्हाडात बुवा-बाबांची परंपरा मोठी, गाडगेबाबांसारख्यांनी तिला फटकेही तितकेच दिले. हे गाणं इथे समजायला वेळ लागणार नाही.

दुसऱ्या अंकात विचक्षणा आणि कपिंजल एका बाजूला येतात. केतकीच्या पानावर लिहिलेला कर्पूरमंजरीचा निरोप ती राजाकडे आणते. मग झोपाळा, मग झाडांचे डोहाळे: कोणतं झाड आलिंगनानं फुलतं, कोणतं नुसत्या नजरेनं, आणि अशोक बाईच्या लाथेनं. हा अंक देखणा आहे आणि थोडा संथ. प्रयोगात कापायचा असेल तर इथे कापावा.

तिसऱ्या अंकातलं एक स्वप्न मात्र अजिबात कापू नये. राजा आपलं विरहाचं स्वप्न सांगतो. कपिंजल म्हणतो, मलाही पडलं. त्याच्या स्वप्नात तो गंगेत झोपला, पाण्यात विरघळला, ढगानं त्याला पिऊन घेतलं, समुद्रावर तो थेंब होऊन पडला, शिंपल्यात मोती झाला. मोती विकला गेला, हारात ओवला गेला, तो हार कनोजच्या वज्रायुध राजानं घेतला आणि राणीच्या गळ्यात घातला. रात्री राजानं राणीला जवळ घेतलं आणि मधल्या मध्ये चिरडून कपिंजल जागा झाला. प्रणयकवितेत मोत्याचा हार नायिकेच्या छातीवर रुळतो असं शेकडो कवींनी लिहिलं. त्या मोत्याला काय वाटत असेल ते विदूषकानं सांगितलं. हे स्वप्न वऱ्हाडीत लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. नटानं ते सावकाश सांगावं, ढगापर्यंत तरी अगदी गंभीर राहावं.

चौथा अंक म्हणजे निव्वळ धावपळ. राणीला प्रकरण कळलं आहे, तिनं कर्पूरमंजरीला कोंडून ठेवलं आहे, पण कोठडीपासून चामुंडेच्या देवळापर्यंत भुयार आहे. भैरवानंद राणीकडून गुरुदक्षिणा म्हणून वचन घेतो: लाट देशाच्या राजाची मुलगी घनसारमंजरी राजाला करून द्यायची, म्हणजे राजा चक्रवर्ती होईल. घनसार म्हणजे कापूर आणि कर्पूर म्हणजेही कापूर. प्रेक्षकाला कळलं, राणीला नाही. राणी देवळात नवरी पाहते, चमकते, कोठडीकडे पळते, तिथे कर्पूरमंजरी बसलेली. परत येते, तिथेही तीच. भुयारातून ती राणीच्या आधी पोचलेली असते. अखेर विदूषकाच्या पौरोहित्यानं लग्न लागतं आणि राजा चक्रवर्ती होतो. विचक्षणा दासीच राहते. राजशेखराचं धाडस तिथे संपलं, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. संहितेत मी भर घातली नाही. तिला शेवटी कवयित्री म्हणून मान मिळतो असा प्रसंग जोडणं मला सहज शक्य होतं, पण ते खोटं झालं असतं.

संहितेबद्दल थोडक्यात. स्टेन कोनो यांनी पाठ सिद्ध केला आणि चार्ल्स लॅनमन यांच्या इंग्रजी भाषांतरासह तो १९०१ साली हार्वर्डहून निघाला. मनमोहन घोष यांनी पुढे कलकत्त्याहून वेगळा पाठ दिला. गद्य शौरसेनीत आणि पद्य महाराष्ट्रीत ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. हिंदीत भारतेंदु हरिश्चंद्रांनी हे नाटक एकोणिसाव्या शतकातच नेलं. सट्टकाचा हा प्रकार नंतरही मराठी माणसाच्या जवळ राहिला: नयचंद्राच्या ‘रंभामंजरी’त मराठी रचना येते, आणि अठराव्या शतकात तंजावरच्या तुकोजी भोसल्यांच्या पदरी असलेल्या घनश्यामानं ‘आनंदसुंदरी’ लिहिली. आपल्याकडे मात्र ‘कर्पूरमंजरी’ अभ्यासक्रमात अडकून पडली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण घराघरांत आहे. तिचं जुनं रूप याच नाटकातल्या याच भांडणात आहे, हे म्हण वापरणाऱ्याला कोणी सांगितलं नाही.

चौथ्या अंकात वटसावित्रीच्या उत्सवाचे नाच आहेत. राजशेखरानं ते बारकाईनं लिहिले आहेत: ओळी धरून नाचणाऱ्या बायका, कोणी मोरपिसं लावून वनवासिनी झालेली, कोणी भीतिदायक मुखवटा चढवून स्मशानाचा देखावा करणारी, आणि काठ्यांचा दंडरास. तिथे मी शब्द दिलेले नाहीत, जागा मोकळी सोडली आहे. ज्या गावात प्रयोग होईल, त्या गावच्या दंडारीनं आपला नाच आणि आपली गाणी तिथे घालावीत, आणि त्या वेळी विचक्षणेनं दासींच्या गर्दीत मागे न राहता नाचणाऱ्यांच्या पुढे यावं. मूळ पाठ त्याला आड येत नाही.